‘चार ऋतू’चं नवं ध्वनिमुद्रण कसं ऐकावं? विवाल्दी आणि बाखच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोंसाठी एक सविस्तर मार्गदर्शक

विवाल्दी आणि बाख हे १८ व्या शतकातले युरोपीय संगीतकार. कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक (सोलोवादक) आणि वाद्यसंच यांच्यासाठी रचलेली, बहुधा तीन भागांची कृती; ‘चार ऋतू’ हे विवाल्दीचे असेच चार व्हायोलिन कॉन्चेर्टो. त्यांची आणि बाखच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोंची नवी ध्वनिमुद्रणं सतत येत असतात. ‘चार ऋतू’ पहिल्यांदा छापून आले १७२५ साली, आम्स्टरडॅममध्ये. २०२५ मध्ये त्याला ३०० वर्षं झाली आणि आधीच लांबलचक असलेली यादी आणखी लांबली. एवढं सगळं उपलब्ध असताना आणखी एक कशासाठी ऐकायचं, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की हे संगीत कागदावर मुद्दाम अपुरं ठेवलेलं आहे. एका ओळीला, म्हणजे संचातल्या एकेका वाद्याच्या भागाला, किती वादक, साथीला हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचं, तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) की ऑर्गन, संथ भागात सुरांवर किती नक्षी, गजाचा दाब किती, यातलं बरंचसं संगीतकाराने वादकांवर सोपवलं आहे. प्रत्येक नवा संच ती रिकामी जागा आपल्या बुद्धीने भरतो. ती कशी भरली आहे हे ऐकू येऊ लागलं, की ओळखीची रचनाही पुन्हा उत्सुकतेने ऐकावीशी वाटते.

अडचण आपल्या कानांच्या सवयीची आहे. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांच्या वादनावर वाढलेला श्रोता एका व्हायोलिनचा विस्तार फार बारकाईने ऐकतो. तबला आणि तानपुरा सोबतीला असतात, पण लक्ष त्या एका वाद्यावर. हीच सवय घेऊन कॉन्चेर्टो ऐकला तर कान सोलोवादकामागे धावतात, त्याचा वेग मोजतात आणि ‘काय वाजवलंय!’ किंवा ‘फार पळवलंय’ एवढ्यावर निकाल लागतो. या लेखातली सगळी पद्धत याच्या उलट आहे. खालून वर ऐकायचं: आधी खर्ज, म्हणजे चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) आणि साथीची वाद्यं, मग व्हायोला (व्हायोलिनहून थोडी मोठी आणि खालच्या सुरांची), मग बाकीची व्हायोलिनं आणि सर्वांत शेवटी सोलोवादक. ध्वनिमुद्रण कोणत्या दर्जाचं आहे, ते खालच्या तीन थरांत कळतं.

वाजवण्याआधी: पुस्तिका वाचा

अल्बमसोबत येणारी पुस्तिका कित्येकजण उघडतच नाहीत. स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांना ती सहज दिसत नाही, पण ध्वनिमुद्रण काढणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर पुष्कळदा फुकट मिळते. तिच्यात चार गोष्टी शोधा.

पहिली, वादकांची यादी. प्रत्येक ओळीला एकच वादक आहे की दहा-दहा, यावर सगळा ध्वनी ठरतो. जानिन यान्सेनचं २००४ चं ‘चार ऋतू’ आणि रेचल पॉजरचं ब्रेकन बरोक या संचाबरोबरचं २०१८ चं, दोन्ही एका ओळीला एक वादक अशा पद्धतीचे. उलट आना-झोफी मुटरने १९८४ साली संचालक कारायानच्या हाताखाली व्हिएन्ना फिलहार्मनिकबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण मोठ्या वाद्यवृंदाचं. एकीकडे प्रत्येकाचा श्वास वेगळा ऐकू येतो, दुसरीकडे तारांची एक जाड चादर. दोन्हींकडून एकच अपेक्षा ठेवली तर एकावर अन्याय होणारच.

दुसरी, खर्जाची साथ कोण करतंय. या काळातल्या संगीतात खालच्या ओळीवर फक्त अंक लिहिलेले असत. त्यावरून हार्पसिकॉर्ड, ऑर्गन किंवा थिऑर्बो हे लांब मानेचं वाद्य वाजवणारा कलाकार आयत्या वेळी स्वरसंगती रचत असे. ‘चार ऋतू’च्या मूळ छपाईत या ओळीच्या वहीवर ‘ऑर्गन आणि चेलो’ असं लिहिलेलं आहे, आणि तरीही ‘शरद’च्या मधल्या भागात सूचना हार्पसिकॉर्डसाठी आहे. म्हणजे निवडीला पहिल्यापासून वाव होता. पुस्तिकेत हार्पसिकॉर्डबरोबर थिऑर्बो, गिटार, छोटा ऑर्गन अशी नावं दिसली तर समजा की या संचाने खालच्या थरावर मेहनत घेतली आहे.

तिसरी, पट्टी. आजचे वाद्यवृंद मधला ‘ए’ हा स्वर साधारण ४४० कंपनांवर लावतात. जुन्या पद्धतीची वाद्यं वापरणारे बरेच संच ४१५ वर, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर खाली. विवाल्दीच्या व्हेनिसमध्ये पट्टी उंच असे, म्हणून जुन्या वाद्यांवरही कुणी विवाल्दी ४४० वर वाजवतात आणि बाख ४१५ वर. ही माहिती पुढे तुलनेच्या वेळी फार कामाला येते.

चौथी, कोणत्या प्रतीवरून वाजवलं आहे. ‘चार ऋतू’ची एक हस्तलिखित प्रत मँचेस्टरच्या हेन्री वॉटसन संगीत ग्रंथालयात आहे. ती १९७३ मध्ये अभ्यासक मायकल टॅलबट यांच्या नजरेस आली आणि काही ठिकाणी ती छापील प्रतीहून वेगळी आहे. एखादा सूर अनोळखी वाटला तर लगेच वादकाची चूक मानू नका, आधी हे तपासा.

स्वरलिपी वाचता येत असेल तर आयएमएसएलपी या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घ्या. येत नसेल तरी विवाल्दीच्या चार सुनीतांचं भाषांतर जवळ ठेवाच. प्रत्येक ऋतूला एक सुनीत आहे. त्यातल्या ओळी संगीतात नेमक्या कुठे येतात ते अक्षरांच्या खुणांनी छपाईत दाखवलेलं आहे. इतका उघड नकाशा देणारा संगीतकार विरळा, आणि आपल्याला परीक्षेसाठी नेमका तोच हवा आहे.

शोध, आवाज आणि जागा

स्ट्रीमिंगवर नुसतं ‘फोर सीझन्स’ टाकलं की एकेक भाग सुटा करून बनवलेल्या झोपेच्या आणि अभ्यासाच्या याद्या समोर येतात. त्याऐवजी सूचीतल्या क्रमांकाने शोधा (आरव्ही ही विवाल्दीच्या रचनांची सूची, बीडब्ल्यूव्ही बाखच्या). वसंत आरव्ही २६९, उन्हाळा आरव्ही ३१५, शरद आरव्ही २९३, हिवाळा आरव्ही २९७. बाखचे ए मायनर, ई मेजर आणि दोन व्हायोलिनांचा डी मायनर हे अनुक्रमे बीडब्ल्यूव्ही १०४१, १०४२ आणि १०४३. वर्ष आणि सोलोवादकाचं नावही टाका, कारण एकाच कलाकाराने हे कॉन्चेर्टो दोन-तीनदा ध्वनिमुद्रित केलेले असतात.

शफल बंद ठेवा. मोबाइलच्या स्पीकरवर चेलो जवळपास नाहीसा होतो, त्यामुळे हेडफोन किंवा बऱ्यापैकी स्पीकर हवेतच. महागडे नकोत, पण खर्ज स्पष्ट ऐकवणारे हवेत. आणि दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवताना आवाजाची पातळी कानाने सारखी करून घ्या. थोडंसं मोठ्याने वाजणारं ध्वनिमुद्रण नेहमीच जास्त जिवंत वाटतं, आणि यात भलेभले फसतात.

पहिली फेरी: मुखडा ओळखा

पहिल्यांदा सगळं सलग ऐका, सुमारे चाळीस मिनिटं. नोंदी नकोत, तुलना नको. दुसऱ्या दिवशी फक्त ‘वसंत’चा पहिला भाग घ्या.

या भागाची रचना रितोर्नेल्लो पद्धतीची आहे. सगळा संच एक ठळक ओळ वाजवतो, मग सोलोवादकाची जागा येते, मग ती ओळ परत, मग पुन्हा नवी जागा. ख्यालात गायक विस्तार करून बंदिशीच्या मुखड्यावर येतो, तसा हा परतीचा क्षण असतो. फरक असा की इथे मुखडा साथीदारांच्या हातात आहे आणि तो दर वेळी त्याच स्वरावर येत नाही. वाटेत एकदा तो मायनरमध्ये, म्हणजे उदास छटेच्या स्वरांत, काळवंडून येतो. आणखी एक गंमत: अगदी सुरुवातीची ती जगप्रसिद्ध ओळ पुढे जशीच्या तशी येत नाही. परत येते ती तिच्यानंतरची दुसरी ओळ.

आता कान कुठे लावायचा? सुरुवातीला प्रत्येक ओळ एकदा जोरात आणि लगेच हळू वाजते. चांगल्या संचात हळू म्हणजे केवळ कमी आवाज नसतो. गज हलका होतो, सुरांच्या टोकांना वेगळा आकार येतो, कधी हार्पसिकॉर्ड थांबतो. ठोकळेबाज वादनात आवाजाचं बटण खाली केल्यासारखं होतं.

त्यानंतर पक्षी. सोलो व्हायोलिनला इथे संचातली दोन व्हायोलिनं येऊन मिळतात आणि खर्ज थांबतो. तिघं समान दर्जाचे पक्षी आहेत का, की एक कलाकार आणि दोन मदतनीस? इथे जो सोलोवादक स्वतःला मागे घेतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. पुढे झऱ्यांची हळुवार झुळझुळ, मग गडगडाट, मग पुन्हा पक्षी. गडगडाटात सोलोवादक विजेसारखा चमकतो खरा, पण ढग खालची वाद्यं आहेत. त्यांचे थरथरते सूर एकेक सुटे ऐकू येतात की त्यांचा नुसता गोंगाट होतो, ते पाहा.

सर्वांत मोठी कसोटी: भुंकणारा कुत्रा

एखादं नवं ध्वनिमुद्रण घ्यावं की नाही हे मला एकाच भागावरून ठरवायचं असेल, तर मी ‘वसंत’चा मधला लार्गो, म्हणजे अतिसंथ भाग, लावेन.

सुनीत सांगतं की फुललेल्या कुरणात, पानांच्या सळसळीत गुराखी झोपला आहे आणि शेजारी त्याचा इमानी कुत्रा आहे. विवाल्दीने हे चित्र तीन थरांत वाटलं. सोलो व्हायोलिन म्हणजे झोपलेला गुराखी. लांब, शांत सूर. संचातली व्हायोलिनं म्हणजे पानं, आणि त्यांना सूचना सतत अगदी हळू वाजवण्याची. व्हायोला म्हणजे कुत्रा, दोन सुरांचं भुंकणं, आणि तिला सूचना सतत खूप जोरात, गज तोडून वाजवण्याची. खर्ज या भागात नाहीच.

या सूचना छापील आहेत, तरीही कित्येक दशकं वादकांनी व्हायोला मऊ करून टाकली, कारण गोड सुरावटीखाली ते खडबडीत भुंकणं त्यांना अशोभनीय वाटत असावं. रोमच्या ई मूझिची संचाने फेलिक्स आयोबरोबर १९५९ मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण फार सुंदर आहे. त्याने ‘चार ऋतू’ घराघरांत नेले. पण त्यातला कुत्रा दूर कुठेतरी, सभ्यपणे भुंकतो. निकोलाउस हार्नोनकूर्ट यांनी १९७७ मध्ये कॉन्चेंतुस मूझिकुस आणि अलीस हार्नोनकूर्ट यांच्याबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण लावा, किंवा मिलानच्या इल जार्दिनो आर्मोनिको संचाचं, एन्रिको ओनोफ्री सोलो असलेलं १९९३ चं. तिथे कुत्रा कानाजवळ आहे.

नव्या ध्वनिमुद्रणात तीन प्रश्न विचारा. व्हायोला खरोखर मोठी आहे का? पानं खरोखर हळू आहेत का? आणि या दोन टोकांच्या मध्ये गुराख्याची झोप मोडत नाही ना? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. पुष्कळ नवे संच कुत्र्यावर इतके खूश होतात की गुराखी बिचारा कुणाच्या लक्षातच राहत नाही.

सोलोवादकाने इथे सुरावटीला नक्षी जोडली आहे का तेही ऐका. त्या काळात संथ भाग लिहिल्याप्रमाणे कोरा वाजवणं अपेक्षित नव्हतं. आम्स्टरडॅमच्या एस्तिएन रोझे या प्रकाशकाने १७१० मध्ये इटालियन व्हायोलिनवादक-संगीतकार कोरेल्लीच्या सोनाटांची एक आवृत्ती काढली, तीत संथ भागांतली नक्षी सविस्तर छापलेली आहे. ‘चार ऋतू’ छापणारा ल सेन हा याच रोझेचा जावई. नक्षी असली तर ती सुरावटीतून उगवते की वरून चिकटवलेली वाटते, यावर तुमचं मत बनवा. मला स्वतःला या लार्गोत नक्षी कमी आवडते, कारण गुराखी झोपेत आहे.

उन्हाळा, शरद, हिवाळा: कुठे थांबावं

‘उन्हाळा’ म्हटलं की सगळे शेवटच्या वादळाकडे जातात. तिथे वेग असतोच. प्रश्न असा की त्या वेगात खालची वाद्यं सुटी राहतात का. पण या कॉन्चेर्टोचा खरा जीव पहिल्या भागाच्या सुरुवातीला आहे. उन्हाने गळून गेलेले, दोन-दोन सुरांत खाली उतरणारे तुकडे आणि त्यांच्या मधली शांतता. या शांततेला घाबरणारा संच लय पुढे ढकलतो. धीट संच थांबतो, आणि पुढचा तुकडा येईल की नाही अशी शंका श्रोत्याला येऊ देतो. पुढे कोकिळा सोलो व्हायोलिनच्या धावत्या सुरांमध्ये लपलेली आहे. तिची हाक त्या गर्दीतून वेगळी काढून दाखवणं हे सोलोवादकाचं काम. वारे येऊन गेल्यावर गुराख्याच्या पोराचा विलाप येतो, जवळपास फक्त खर्जाच्या आधाराने. इथे चेलोवादक सोलोइतकाच बोलत असेल तर ते ध्वनिमुद्रण जपून ठेवा.

‘शरद’चा मधला भाग लोक पुढे ढकलतात, कारण तिथे सोलोला दाखवण्यासारखं काही नाही. सुगीच्या मेजवानीत प्यायलेली माणसं झोपली आहेत, तारांवर आवाज दाबणारी मूक लावलेली आहे, सूर लांब आणि ढगाळ आहेत. विवाल्दीने इथे हार्पसिकॉर्डला स्वरसंगती सुटी सुटी करून वाजवायला सांगितलं आहे, बाकी सगळं त्याच्यावर सोडलं आहे. त्यामुळे हा हार्पसिकॉर्डवादकाचा भाग आहे. नेव्हिल मॅरिनर यांचं अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्सबरोबरचं १९६९ चं ध्वनिमुद्रण (सोलोवर अ‍ॅलन लव्हडे) मला अजून जवळचं वाटतं ते सायमन प्रेस्टन यांच्या साथीमुळे. वाद्यं आधुनिक, पण साथीत कल्पकता भरपूर. नव्या ध्वनिमुद्रणात इथे हार्पसिकॉर्ड नुसताच वरखाली फिरत असेल, तर त्या संचाने खालच्या थराचा विचार केलेला नाही.

‘हिवाळा’ची सुरुवात खर्जातून होते आणि एकेक वाद्य वर चढत जातं. प्रत्येक नव्या वाद्याने स्वर एकमेकांना बोचू लागतात. या बोचण्यासाठी काही संच गज घोडीच्या अगदी जवळ घेतात, आणि आवाज काचेसारखा होतो. काहींना हा अतिरेक वाटतो. मला वाटत नाही, कारण सुनीतात गोठून कापणं स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय विवाल्दी स्वतः किती बेधडक वाजवत असे याची साक्ष आहे: फ्रँकफर्टच्या उफेनबाख नावाच्या प्रवाशाने १७१५ मध्ये व्हेनिसच्या नाट्यगृहात त्याला ऐकलं, आणि बोटं घोडीच्या इतकी जवळ जाताना पाहून आपण भ्यालो, असं रोजनिशीत नोंदवलं.

मग लार्गो. बाहेर पाऊस, आत शेकोटी. फक्त १८ मात्राखंडांचा भाग, आणि त्याच्या लयीवरून ध्वनिमुद्रणांचे सरळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष अडीच मिनिटांच्या आसपास रमतो, दुसरा जवळपास निम्म्या वेळात संपवतो. हळू वाजवलं की शेकोटी सुखाची, पण बोटांनी छेडलेले पावसाचे थेंब सुटे पडून पाऊस थांबल्यासारखा वाटतो. जलद वाजवलं की पाऊस खरा, पण शेकोटीजवळ बसायला सवड मिळत नाही. तुमचा पक्ष तुम्ही ठरवा. ठरवताना घड्याळाकडे न पाहता थेंबांकडे ऐका.

तात, गज आणि कंपन

नव्या ध्वनिमुद्रणावर ‘मूळ काळातल्या वाद्यांवर’ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ थोडक्यात असा. तारा धातूच्या नसून आतड्याच्या, म्हणजे तातीच्या. आवाज थोडा खरबरीत, उबदार, आणि सुराच्या सुरुवातीला एक बारीक ओरखडा. गज हलका आणि आतल्या बाजूला न वाकलेला. आज वापरतात तो आत वाकलेला गज पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्त यांच्या हातून १८ व्या शतकाच्या अखेरीस घडला. जुन्या गजाने सूर काढला की तो आपोआप फुलून विरतो. नव्या गजाने तो टोकापर्यंत सारखा भरून धरता येतो. म्हणून एकीकडे संगीत बोलल्यासारखं वाटतं आणि दुसरीकडे गायल्यासारखं.

कंपनाबद्दल, म्हणजे बोट हलवून सुराला दिलेल्या आंदोलनाबद्दल, एक समज पक्का झाला आहे: त्या काळात कंपन नव्हतंच. हे खरं नाही. व्हायोलिनवादक जेमिनियानीने १७५१ च्या आपल्या ग्रंथात ते शक्य तितक्या वेळा वापरावं असं लिहिलं, तर प्रसिद्ध मोत्सार्टचे वडील आणि व्हायोलिनशिक्षक लेओपोल्ड मोत्सार्टने १७५६ मध्ये प्रत्येक सुरावर थरथरणाऱ्यांवर टीका केली. म्हणजे तेव्हाही वाद होताच. कोरडं वादन आपोआप अस्सल ठरत नाही.

बाख: खर्जावर उभी इमारत

बाखने विवाल्दीचा अभ्यास स्वतः उतरवून केला. विवाल्दीच्या १७११ च्या ‘लेस्त्रो आर्मोनिको’ या संग्रहातला चार व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो त्याने चार हार्पसिकॉर्डसाठी बदलून लिहिला. त्यामुळे मुखडा परतण्याची पद्धत इथेही आहे, पण थर एकमेकांत जास्त विणलेले.

ई मेजर कॉन्चेर्टोचा अदाजिओ, म्हणजे मधला संथ भाग, घ्या. खर्जात एक आकृती सुरू होते आणि पुन्हा पुन्हा येत राहते. सोलो व्हायोलिन तिच्यावर तरंगतं. ए मायनरच्या आंदान्तेत, म्हणजे तिथल्या मधल्या भागातही, तीच युक्ती. आधी दोनदा फक्त खर्ज ऐका, सोलो जणू नाहीच असं समजून. चेलोवादक ही आकृती दर वेळी तशीच टाकतो की तिच्या वाक्यांना चढउतार देतो? यांत्रिक खर्जावर उत्तम सोलोवादकही एकाकी वाटतो. इझाबेल फाउस्ट यांनी बर्लिनच्या आकादेमी फ्युर आल्टे मूझिकबरोबर केलेल्या २०१९ च्या ध्वनिमुद्रणात सोलो संचाच्या आतून येतो, आणि म्हणूनच ते मी पुन्हा पुन्हा लावते.

दोन व्हायोलिनांच्या डी मायनरमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही भागांची सुरुवात दुसरं व्हायोलिन करतं. दोघांचे आवाज वेगळे ओळखता येतात का, आणि तरी ते एकमेकांचं वाक्य पुरं करतात का, हे ऐका. हेडफोनवर एक डावीकडे आणि एक उजवीकडे असेल तर सोपं जातं. शेवटच्या भागात एक जागा येते, जिथे दोन्ही सोलोवादक एकाच वेळी दोन-दोन तारा वाजवून भरदार स्वरसमूह धरतात आणि सुरावट खालच्या वाद्यांकडे जाते. तिथे संच पुढे आला पाहिजे. कित्येक ध्वनिमुद्रणांत ध्वनी तंत्रज्ञाने सोलोला इतकं जवळ धरलेलं असतं की सुरावट झाकली जाते. हा दोष वादकांचा नसून मायक्रोफोनचा असतो, हे लक्षात ठेवा.

इतिहासासाठी दोन ध्वनिमुद्रणं ऐकाच. दोन व्हायोलिनांच्या याच कॉन्चेर्टोचं क्राइस्लर आणि झिंबालिस्ट यांचं १९१५ चं, साथीला केवळ चार वादक. आणि येहूदी मेनुहिन व त्याचे गुरू जॉर्जे एनेस्कू यांचं १९३२ चं, पियेर मोंतू यांच्या संचालनाखाली. दुसऱ्यात गुरू-शिष्याचा लार्गो ऐकताना जुन्या चकतीची खरखर विसरायला होते. शैली आजच्या अभ्यासाप्रमाणे ‘चूक’ आहे. मला तिच्यात काही कमी वाटत नाही.

तुलना कशी करावी

नवं ध्वनिमुद्रण आणि आणखी दोन, एवढी पुरेत. एक आधुनिक वाद्यांचं जुनं, एक तातीच्या तारांचं. ‘चार ऋतू’साठी ई मूझिची १९५९, ट्रेव्हर पिनक यांचा इंग्लिश कॉन्सर्ट (सोलोवर सायमन स्टँडेज) आणि तुमचं नवं, असा संच चांगला. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांबद्दल आपुलकी असेल तर १९८२ चा तेल अवीवचा जिवंत कार्यक्रम जरूर घ्या. इस्रायल फिलहार्मनिकबरोबर चार ऋतू चार वेगळ्या व्हायोलिनवादकांनी वाजवले: स्टर्न, झुकरमन, मिन्त्स आणि पर्लमन. वाद्यवृंद तोच असताना सोलोवादक बदलला की काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे शिकायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

अख्खे कॉन्चेर्टो आळीपाळीने लावू नका. एकच छोटी जागा तिन्हींत ऐका, वर सांगितलेल्यांपैकी एक. ४१५ वरून ४४० वर उडी मारली की दुसरं ध्वनिमुद्रण उगाच उजळ आणि ताणलेलं वाटतं, उलट उडी मारली की मंद. म्हणून पट्ट्या वेगळ्या असतील तर मध्ये थोडा वेळ जाऊ द्या. चहा करून या. गुण किंवा तारे देऊ नका. वहीत शब्द लिहा: ‘व्हायोला जवळ’, ‘थेंब सुटे’, ‘हार्पसिकॉर्ड फार पुढे’, ‘विलापात चेलो बोलतो’. काही दिवसांनी त्याच नोंदी वाचल्या की आपल्याला खरंच काय आवडतं ते समोर येतं, आणि पुढचं ध्वनिमुद्रण निवडताना समीक्षकाची गरज कमी होते.

समीक्षा वाचायच्याच असतील तर स्वतः ऐकल्यावर वाचा. ‘ऊर्जा’ आणि ‘ताजेपणा’ एवढेच शब्द असतील तर ती सोडून द्या. जी समीक्षा खर्जाच्या साथीबद्दल एक तरी नेमकं वाक्य लिहिते, ती पूर्ण वाचा.

व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक सूचना. ‘लेस्त्रो आर्मोनिको’तला सहावा, ए मायनर कॉन्चेर्टो सुझुकी पद्धतीच्या वर्गांत जवळजवळ सगळेच वाजवतात, आणि बाखचा दुहेरी कॉन्चेर्टोही. मुलं या ओळी एकट्याने किंवा पियानोबरोबर घोटतात, त्यामुळे खाली काय चाललंय हे त्यांना कळतच नाही. त्यांना संचाचं ध्वनिमुद्रण लावून द्या आणि चेलोची ओळ गुणगुणायला सांगा. लय सुधारते, आणि घाईही कमी होते.

ध्वनिमुद्रणावर कान बसला की प्रत्यक्ष मैफलीला जा. मुंबईत एनसीपीए या कला केंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे आणि लहान वाद्यसंचांचे कार्यक्रम होतात. गोव्यात पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या घरांत आहे आणि तिथल्या चर्चमधल्या मैफली या आकाराच्या संगीताला चांगल्या मानवतात. तिकीट काढताना सोलोवादकाच्या समोरची खुर्ची धरू नका. साधारणपणे चेलो आणि व्हायोला प्रेक्षकांच्या उजव्या हाताला बसतात, म्हणून प्रेक्षागृहाच्या डाव्या बाजूची जागा घ्या. तिथून त्यांचे गज समोर दिसतात.